खुलासा : मनोरुग्णांच्या मेंदूवरील शस्त्रक्रियेबाबत

‘मनोरुग्णालयात नेलेल्या माणसाचा मेंदू नातेवाइकांच्या सहीवर कापतात’ असा संदेश रत्नागिरी, मालवण भागात व्हॉट्सॲपवर फिरत आहे. तो खरा नाही, आणि त्याच्या धास्तीने कुणी रुग्णाला घरीच ठेवू नये, ही कळकळीची विनंती. लिस्बनमध्ये १९३५ साली पोर्तुगीज डॉक्टर एगास मोनिझ यांनी सुरू केलेली लोबोटॉमी, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातील जोडण्या तोडण्याची शस्त्रक्रिया, जिच्यासाठी त्यांना १९४९ मध्ये नोबेल मिळाले आणि जिने कित्येकांचे व्यक्तिमत्त्वच हिरावले, ती १९५० च्या दशकात औषधे आल्यावर मागे पडली. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार अशी शस्त्रक्रिया खुद्द रुग्णाची समजून दिलेली संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची मंजुरी यांशिवाय करताच येत नाही. औषधांना न जुमानणाऱ्या तीव्र मंत्रचळावर (ओसीडी, म्हणजे तेच तेच विचार व कृती टाळता न येण्याचा आजार) आता क्वचित मेंदूत बारीक इलेक्ट्रोड बसवून सौम्य विद्युतस्पंदने देतात; ती कमी-जास्त करता येतात, बंदही करता येतात.