अँडर्सची लेक आणि आपले मधले नाव

डेन्मार्कमधील ओडेन्स या शहरात राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात एका दवाखान्यात मला माझ्या नवऱ्याच्या नावाने हाक मारण्यात आली. परिचारिका दारात येऊन दोनदा ‘श्रीकांत’ म्हणाली, बाकावरची माणसे एकमेकांकडे पाहू लागली, आणि मी उठले तेव्हा तिने हातातला कागद पुन्हा एकदा वाचून पाहिला. भारतीय पासपोर्टवर आडनावाचा एक रकाना असतो आणि उरलेले सगळे दुसऱ्या रकान्यात जाते, त्यामुळे माझे आणि श्रीकांतचे नाव तिथे शेजारीशेजारी होते, आणि नोंद करताना कुणीतरी त्यातले चुकीचे उचलले होते. त्यावर आम्ही घरी पुष्कळ हसलो. परंतु हा मधला पुरुष कोण, असे तिने सरळपणे विचारले आणि ‘माझा नवरा’ असे मी तितक्याच सरळपणे सांगितले, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटले ते मला पुढे बरीच वर्षे पुरले.

त्या प्रसंगाची आठवण पुन्हा झाली ती मार्च २०२४ मध्ये. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तेव्हा असे ठरवले की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे शासकीय कागदपत्रांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहावीत. विवाहित स्त्रीच्या बाबतीत मात्र तिचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव ही चालत आलेली पद्धत तशीच ठेवण्यात आली. आमच्या नातेवाइकांत या निर्णयावरून बराच वाद झाला. काहींना आईचे नाव म्हणजे पाश्चात्त्यांचे अनुकरण वाटत होते, तर काहींना आडनावे मुळातच नकोत, कारण आडनाव म्हणजे जातीची पाटी, असे वाटत होते. पुढच्या वर्षी बीड जिल्ह्यात पोलिसांच्या गणवेशावरील नावपट्टीवरून आडनाव काढून फक्त पहिले नाव ठेवण्यात आले, तेव्हा या दुसऱ्या गटाला चांगलाच आधार मिळाला. ‘तुझ्याकडे बघ, तिथे कुणाला आडनावावरून काही कळत नाही,’ असे मला ऐकवण्यात आले. जिथे मी राहते तिथल्या आडनावांचा इतिहास पाहिल्यावर हे दोन्ही युक्तिवाद मला अपुरे वाटू लागले, म्हणून हे लिहिते आहे.

ओडेन्स हे परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडर्सेनचे जन्मगाव. आपल्याकडे पुस्तकांवर ‘अँडरसन’ असे छापतात, इथली माणसे मधला ‘ड’ गिळून ‘आनर्सन’ म्हणतात. मी लेखनाला धरून अँडर्सेन लिहिते, म्हणजे शेवटचा ‘सेन’ दिसेल, कारण सगळी गंमत त्या ‘सेन’मध्ये आहे. ‘सेन’ हे मुलगा या अर्थाच्या डॅनिश शब्दाचे झिजलेले रूप. अँडर्स हे येशूच्या बारा शिष्यांपैकी आंद्रेयाच्या नावाचे डॅनिश रूप असून त्याच्या मुळाशी पुरुष या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, आणि तो शब्द संस्कृतातील ‘नृ’ आणि ‘नर’ यांचा सख्खा भाऊबंद आहे. तेव्हा अँडर्सेन या नावाने आपण समजतो तितके परके वाटून घ्यायचे कारण नाही.

या लेखकाच्या घरातली नावे पाहिली की जुनी पद्धत आणि तिचा शेवट दोन्ही एकाच वंशावळीत सापडतात. आजोबांचे नाव अँडर्स हान्सेन, म्हणजे हान्सचा मुलगा अँडर्स. वडिलांचे नाव हान्स अँडर्सेन, म्हणजे अँडर्सचा मुलगा हान्स. ते चांभारकाम करत. थोरल्या मुलाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत इथेही होती, त्यामुळे दोनच नावे पिढ्यान्‌पिढ्या आलटून पालटून येत राहत. बाळाजी विश्वनाथ, त्यांचे पुत्र बाजीराव बल्लाळ, त्यांचे पुत्र बाळाजी बाजीराव ही पेशव्यांची ओळ ज्याला पाठ आहे त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही; बल्लाळ म्हणजे बाळाजीच. जुन्या रीतीप्रमाणे १८०५ साली जन्मलेल्या या मुलाचे नाव हान्स ख्रिश्चन हान्सेन असायला हवे होते. तो अँडर्सेन राहिला, कारण शहरांतून तोपर्यंत बापाचे नाव दर पिढीला बदलण्याऐवजी गोठू लागले होते, आणि जगाने त्याला आजोबांचा मुलगा म्हणूनच ओळखले.

खेड्यांत ही गोठण्याची क्रिया राजाज्ञेने घडवून आणावी लागली. सरदार घराण्यांना कायम आडनावे घ्यायला पहिल्या फ्रेडरिक राजाने १५२६ सालीच सांगितले होते, पण शेतकऱ्यांच्या नावांशी तेव्हा कुणाला कर्तव्य नव्हते. पुढे सैन्यभरती, करवसुली आणि वारसाहक्क यांच्या नोंदी वाढत गेल्या आणि बापाचे आडनाव एक, मुलाचे दुसरे, मुलीचे तिसरे ही व्यवस्था कारकुनांना झेपेनाशी झाली. १८२८ सालच्या आज्ञेने बाप्तिस्म्याच्या वेळीच मुलाला पहिल्या नावाबरोबर पुढे कायम राहील असे कुलनाव देणे सक्तीचे झाले. नोंदवही चर्चमध्ये पाद्रीबुवांकडे असे, आणि आज्ञेचा अर्थ प्रत्येक पाद्री आपापल्या समजुतीप्रमाणे लावत असल्याने काही दशके चांगलाच गोंधळ चालला. ज्या पिढीत नाव गोठले त्या पिढीच्या बापाचे नाव पुढच्या सगळ्या पिढ्यांच्या गळ्यात पडले. आज साठ लाखांच्या आतबाहेर वस्ती असलेल्या या देशात निल्सेन आणि येन्सेन ही आडनावे प्रत्येकी दोन लाखांहून अधिक लोकांची आहेत, अँडर्सेन सुमारे दीड लाख, आणि सर्वांत जास्त आढळणारी पहिली दहा आडनावे सगळीच्या सगळी सेनान्त आहेत. स्वीडनमध्ये हेच नाव ‘अँडर्ससोन’ होते आणि तिथेही ते अगदी वरच्या क्रमांकांत आहे. स्वीडनने कायम आडनावाचा नियम १९०१ साली केला, नॉर्वेने १९२३ साली. आइसलंडने मात्र उलट पाऊल टाकून १९२५ साली नवी कुलनावे घ्यायला मनाई केली, त्यामुळे तिथे आजही मुलगा आणि मुलगी वेगवेगळे नाव लावतात आणि सगळे एकमेकांना, अगदी राष्ट्राध्यक्षांनाही, पहिल्या नावानेच हाक मारतात.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती अँडर्सेनची आई. ती लोकांचे कपडे धुऊन पोट भरत असे आणि तिचे नाव होते आने मारी अँडर्सदातर. ‘दातर’ म्हणजे दुहिता, लेक. तिच्या वडिलांचे नावही अँडर्स होते, एवढाच काय तो योगायोग. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की हान्स अँडर्सेनशी लग्न झाल्यावरही ती अँडर्सदातरच राहिली, कारण लग्न झाले म्हणून कुणी आपल्या बापाची लेक असायची थांबत नाही, असे त्या नावपद्धतीचे साधे तर्कशास्त्र होते. तो समाज स्त्रीमुक्तीचा पुरस्कर्ता वगैरे मुळीच नव्हता. स्त्रीला संपत्तीत आणि कारभारात किती स्थान होते हे पाहिले तर भ्रम राहत नाही. तरीही नाव तिचे होते. १८२८ नंतर हळूहळू मुलींनाही ‘सेन’ लागू लागले, म्हणजे कागदावर लेक मुलगा झाली, आणि लग्नानंतर ती दुसऱ्याच कुणाच्या बापाचा मुलगा झाली. ‘दातर’ हा प्रत्यय नोंदवह्यांतून नाहीसा झाला तो कुणी स्त्रियांविरुद्ध कट केला म्हणून नव्हे, तर एका कुटुंबाला एकच शब्द असला की वही नीट राहते म्हणून. त्यानंतर १९८१ च्या कायद्याने लग्नानंतर स्त्रीचे नाव आपोआप बदलण्याची प्रथा मोडली, आणि १ एप्रिल २००६ पासून लागू झालेल्या कायद्याने बापाच्या किंवा आईच्या पहिल्या नावाला ‘दातर’ अथवा मुलगा या अर्थाचा प्रत्यय जोडून आडनाव करण्याची पुन्हा मुभा दिली. मुलाला सहा महिन्यांत आडनाव निवडले नाही तर आईचे लागते. म्हणजे लेकीला ‘लेक’ म्हणवून घेण्याचा हक्क परत मिळायला पावणेदोनशे वर्षे लागली.

आता आपल्याकडे पाहू. बापाचे नाव सांगणारी पद्धत आपल्याकडे गोठली नाही, कारण ती आडनावात नव्हती; आडनाव गावावरून, वतनावरून, हुद्द्यावरून आले आणि बापाचे नाव मधल्या जागेवर जिवंत राहिले, दर पिढीला नवे होत राहिले. डॅनिश माणसाला मी हे समजावून सांगते तेव्हा त्याला हेवा वाटतो, आणि तो खरा आहे. पण ही जागा जिवंत राहिली ती पुरुषांपुरती. आपल्याकडे लग्नात ताम्हनातल्या तांदळावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहीत, म्हणजे पहिले नाव गेले. मधल्या नावात बापाच्या जागी नवरा आला. आडनाव तर जाणारच होते. ओडेन्सची एक निरक्षरप्राय धोबीण मरेपर्यंत जे नाव बाळगून होती तसे एकही नाव माझ्या आजीपाशी उरले नव्हते. त्यामुळे २०२४ च्या निर्णयाचे मी स्वागत करते, पण तो अर्धाच वाटतो. जन्मलेल्या मुलीच्या नावात आई आणि वडील दोघेही येतील, आणि तिचे लग्न झाले की कागदावर दोघांनाही बाजूला सारून नवरा बसवता येईल, तर ती चार शब्दांची माळ फक्त लग्नापर्यंतचीच ठरते. पुरुषाच्या बाबतीत असे काही घडत नाही.

हे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे असे म्हणणाऱ्यांसाठी दोन शिलालेख आहेत. डेन्मार्कमधील येलिंग येथे दहाव्या शतकात हाराल्ड राजाने उभारलेल्या शिळेवर ती आपला पिता गोर्म आणि आपली माता थ्यूरा यांच्या स्मरणार्थ असल्याचे कोरले आहे. अकराव्या शतकातील स्वेन एस्ट्रिडसेन हा डॅनिश राजा तर आई एस्ट्रिड हिच्या नावाने ओळखला जातो, कारण गादीवरचा त्याचा हक्क तिच्याकडून आला होता. आणि नाशिकच्या पांडवलेणीत, या दोघांच्या कितीतरी शतके आधी, सातवाहन राजमाता गौतमी बलश्री आपल्या मुलाचा पराक्रम कोरवून घेते, तो मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी आणि त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी. आईचे नाव लावण्यासाठी आपल्याला कोपनहेगनला जायची गरज नाही. नाशिकपर्यंत गेले तरी पुरते.

राहिला आडनाव आणि जातीचा मुद्दा. अँडर्सेन या नावावरून माणसाचा धंदा, गाव किंवा कूळ कळत नाही हे अगदी खरे आहे. परंतु सगळ्यांचे आडनाव सारखे झाले म्हणजे माणसे एकमेकांना ओळखायचे सोडून देत नाहीत, ती दुसरी खूण शोधतात. १९९३ ते २०११ या काळात डेन्मार्कला एकापाठोपाठ एक तीन पंतप्रधान रासमुसेन आडनावाचे मिळाले, तिघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, आणि लोक त्यांना न्युरप, फोग आणि ल्युके या मधल्या नावांनी ओळखतात. ‘सेन’ हे शेतकऱ्याचे साधे नाव आणि मधले नाव घराण्याचे, असा सूक्ष्म भेद इथल्या कानांना आजही कळतो. १९०४ सालच्या कायद्याने नाव बदलणे सोपे केले तेव्हा पुष्कळांनी ‘सेन’ टाकूनही दिले. आणि ज्याच्या नावाला ‘सेन’ही नाही आणि डॅनिश मधले नावही नाही, त्याच्याविषयी अर्ज उघडताक्षणी जे कळायचे ते कळते. दोन हजारांहून अधिक लोकांचे असलेले आडनाव इथे कुणालाही घेता येते, त्यामुळे उद्या मी कायदेशीररीत्या अँडर्सेन होऊ शकते. माझा रंग आणि माझे उच्चार त्यामुळे अँडर्सेन होणार नाहीत. बीडमधल्या नावपट्टीला माझा विरोध नाही. ठाण्यात तक्रार घेऊन आलेल्या माणसाला समोरच्याची जात दिसू नये हे योग्यच आहे. पण पट्टीवर नाही म्हणून ती कुणाला ठाऊक नाही असे मानणे भाबडेपणाचे होईल.

माझ्या पासपोर्टची मुदत पुढच्या वर्षी संपते. नव्या अर्जात मधले नाव काढून टाकावे की तिथे वडिलांचे नाव पुन्हा घालावे, याविषयी मी आईशी फोनवर बोलत होते आणि त्यासाठी लागणारा शाळेचा दाखला तिला शोधायला सांगत होते.

“तुझ्या बाबांचं नाव घाल की,” ती म्हणाली, आणि थोडे थांबून म्हणाली, “पण मग माझं कुठलं घालशील? आधीचं की नंतरचं?”

तिचे लग्नाआधीचे नाव मला माहीत नव्हते. मी ते तिच्याकडून विचारून, तिने सांगितले तसे वडिलांच्या नावासकट, एका कागदावर लिहून ठेवले आहे.