पांढऱ्या चिंधीच्या शोधात

पहिली शिकारी रायफल घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र असतं. पहाटेचं धुकं, झाडाआड दबा धरून बसलेले आपण आणि समोर रुबाबदार शिंगांचं जनावर. तेलानं माखलेली बोटं, टराटरा फाडलेले बनियन आणि ‘हा वास कसला येतोय?’ म्हणत नाक दाबून उभी असलेली बायको या चित्रात कुठेच नसते. शिकारीचा हंगाम चार दिवसांचा, साफसफाई मात्र बारमाही. परवाना, कुलूपबंद कपाट, हंगामाचे नियम ही कागदी बाजू मी सोडूनच देतो. ती पार पडली की खरी परीक्षा सुरू होते.

मला वाटलं होतं, नवी कोरी रायफल म्हणजे स्वच्छ रायफल. तसं नसतं. गंज चढू नये म्हणून कारखान्यातून निघताना तिला तेलाचा लेप दिलेला असतो आणि तो नळीतून पुसल्याशिवाय बार काढायचा नसतो. म्हणजे एकही गोळी न झाडता साफसफाईला सुरुवात.

माझे गुरू म्हणजे ओळखीचे एक काका. त्यांचा पहिला धडा: रायफल रिकामी आहे हे माहीत असलं तरी ती भरलेलीच आहे असं धरायचं. हातात घेतली की नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या बाहेर, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) उघडून आधी चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीत, डोळ्यांनी बघायचं आणि मग बोट घालून चाचपायचं. मी हे इतकं मनावर घेतलं, की कपाटातून टेबलावर आणि टेबलावरून कपाटात नेतानाही चेंबर तपासायचो.

“अहो, आत्ताच तर बघितलंत ना?” बायको म्हणाली.

“नियम आहे.”

“गॅस बंद केलाय का, हे जन्मात कधी बघितलं नाहीत!”

दुसरा धडा नळी साफ करायच्या सळईचा. सळई चेंबरच्या बाजूनं घालायची, नळीच्या तोंडाकडून नाही. तोंडाची ती बारीक कड, तिला क्राउन म्हणतात, गोळीला होणारा शेवटचा स्पर्श. तिथं ओरखडा पडला, की मागून रेटणारा वायू एका अंगानं आधी निसटतो आणि गोळीची वाट बदलते. “बऱ्याच नळ्या गोळ्या झाडून नाही, उत्साहानं घासून मरतात,” काका म्हणाले आणि माझ्या हातातल्या सळईकडे संशयानं बघत राहिले.

मग चिंध्या. द्रावणात भिजवलेली पहिली चिंधी काळीकुट्ट निघते. ती काडतुसातल्या दारूची काजळी, तिचं काही वाटत नाही. ब्रश फिरवला, की पुढची करडी, त्यापुढची जरा उजळ. आता पांढरी निघणार असं म्हणेपर्यंत निळसर हिरवी निघते. हे गोळीच्या आवरणाचं तांबं, नळीच्या आतल्या आट्यांना (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांना) चिकटून बसलेलं. पुन्हा द्रावण, पुन्हा अमोनियाचा तो डोळ्यांत पाणी आणणारा वास, पुन्हा निळी चिंधी. खरी मेख पुढेच आहे. ब्रश असतो काशाचा आणि सळईचं टोक पितळी. दोन्हींत तांबं. द्रावण त्यांनाही खातं आणि चिंधी निळी करतं. म्हणजे नळी केव्हाच स्वच्छ झालेली असते आणि आपण रात्री अकरा वाजता सळईचंच टोक विरघळवत बसलेले असतो.

तेलाचं गणित तर स्वयंपाकातल्या हिंगासारखं. चिमूटभर हवं आणि जास्त झालं की सगळं वाया. नळीत तेलाचा पातळ हात पुरतो. जास्तीचं ओघळून बोल्टमध्ये आणि दस्त्याच्या लाकडात मुरतं. बाहेरून मात्र रोज पुसावं लागतं, कारण हाताच्या घामातलं मीठ पोलादावर बोटांचे ठसे उमटवतं आणि त्याच ठशांचा पुढे गंज होतो. त्यातून ती निळी-काळी झळाळी म्हणजे लोखंडाचा ऑक्साइडच, शिस्तीत वाढवलेला गंज म्हणा ना! त्यामुळे घरी आलेला पाहुणा “बघू, बघू” म्हणत हात पुढे करतो तेव्हा मला आधी त्याचा तळवा दिसतो.

यानंतर नेम बसवणं. बोल्ट काढून नळीतून २५ मीटरवरच्या निशाणाकडे बघायचं, रायफलवरच्या दुर्बिणीची फुली तिथंच आणायची आणि मग १०० मीटरवर जायचं. माझ्या दुर्बिणीची फुली सरकवणाऱ्या चकतीचा एक टिचका १०० मीटरवर गोळी १ सेंटिमीटर सरकवतो, २५ मीटरवर मात्र जेमतेम अडीच मिलिमीटर. त्यामुळे जवळच्या निशाणावर तेवढंच सरकायला चौपट टिचके द्यावे लागतात. हे गणित डोक्यात, डोळा दुर्बिणीपासून आठ-नऊ सेंटिमीटर दूर (जवळ नेलात तर बाराच्या धक्क्यानं ती भुवईवर अर्धचंद्र कोरते) आणि वर श्वास सोडून चाप हळू दाबायचा.

गोळ्या कागदावर मनाला येईल तिथं लागत होत्या. मी दुर्बिणीला दोष दिला, वाऱ्याला दिला. काका काही बोलले नाहीत. मला न सांगता त्यांनी काडतुसांत एक खोटं काडतूस सरकवलं. मी चाप दाबला. आवाज नाही, धक्का नाही. तरी माझे डोळे घट्ट मिटलेले, खांदा आकसलेला आणि नळीनं जमिनीला वाकून नमस्कार घातलेला. “वारा बराच आहे आज,” काका म्हणाले.

पुढे कोरड्या चापाचा, म्हणजे काडतूस न भरता नुसता चाप दाबायचा, सराव करकरून गोळ्या एकदाच्या एकमेकींच्या शेजारी बसल्या. मी आनंदानं घरी येऊन चिंधी पांढरी निघेपर्यंत नळी घासली. पुढच्या वेळी पहिलीच गोळी भलतीकडे.

“तेलाच्या, चकचकीत नळीतून पहिली गोळी जरा इकडेतिकडे जातेच,” काका म्हणाले. “शिकारीला निघायच्या आधी तेल पुसून एक बार काढ. नळी जरा मळली, की ठिकाणावर येते.”

हे मी घरी अजून सांगितलेलं नाही. बनियनांचा हिशेब द्यावा लागेल.