शुल्काच्या खिडकीवर मृत्यूची प्रतवारी

आज १४ एप्रिल, अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान मृत्युमुखी पडले. सकाळपासून आदरांजलीच्या पोस्ट वाचतो आहे. त्यातच एका लोकप्रतिनिधीचे 'त्यांच्या कुटुंबीयांच्या पाठीशी आम्ही खंबीरपणे उभे आहोत' हे वाक्य वाचले आणि संताप आवरेनासा झाला.

गेल्या वर्षी मी वहिनींबरोबर त्यांच्या मुलाच्या अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी गेलो होतो. त्याचे वडील, माझे मित्र, अग्निशमन दलात होते. गोदामाच्या आगीत स्लॅब कोसळून ते गेले. वहिनींनी फाइलमध्ये गुणपत्रिका आणि अधिवास प्रमाणपत्र यांच्याही वर, गणवेशातला फोटो असलेले वर्तमानपत्राचे कात्रण लॅमिनेट करून ठेवले होते. खिडकीवरच्या कारकुनाने ते बाजूला सरकवले आणि उत्पन्नाचा दाखला मागितला. आधी शुल्क भरा, सवलत बसत असेल तर पैसे मागाहून खात्यात येतील, असे त्याने सांगितले.

हे 'मागाहून' कोणाच्या जिवावर? घरातला कर्ता माणूस सार्वजनिक कामात खर्ची पडला, त्या घराने सरकारला उसने द्यायचे?

कर्तव्य बजावताना मृत्युमुखी पडलेल्या, बेपत्ता किंवा अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांसाठी १९७१च्या युद्धानंतर शिक्षणशुल्काची सवलत सुरू झाली. २०१७ मध्ये तिच्यावर दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली, तेव्हा देशभर ओरड झाली आणि २०१८ मध्ये ती मर्यादा उठवावी लागली. ते योग्यच झाले. २०१९ मध्ये, सैनिक आणि निमलष्करी दलांतल्या जवानांच्या मुलांसाठी असलेल्या पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत राज्य पोलिसांच्या मुलांनाही घेतले. मुलांना दरमहा २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये. पण कोणत्या पोलिसांच्या? दहशतवादी किंवा नक्षलवादी हल्ल्यात मारल्या गेलेल्यांच्या. नाकाबंदीत भरधाव ट्रकने चिरडलेला हवालदार त्यात बसत नाही. २०१५ साली काळबादेवीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाने प्रमुखांसह चार अधिकारी गमावले. तसे मरणही त्यात बसत नाही. माणूस कर्तव्यावर असताना गेला, एवढे पुरेसे का नसावे?

सानुग्रह अनुदान मिळते, अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळते, पोलिसांसाठी कल्याण निधी आहे, हे मान्य आहे. पण वहिनींना मिळालेले ते अनुदान बँकेत ठेव म्हणून होते आणि शुल्कासाठी ती ठेव मुदतीआधी मोडावी लागली. अनुकंपेवर मिळालेला पगार आणि कुटुंब निवृत्तिवेतन यांची बेरीज उत्पन्नाच्या दाखल्यावर आली आणि त्याच बेरजेने त्यांना सवलतीबाहेर ठेवले. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे ते हेच.

त्या कारकुनावर माझा राग नाही. प्रवेशाच्या अर्जात संरक्षण दलांतील कर्मचाऱ्यांच्या पाल्यांसाठी रकाना आहे, अनाथांसाठी आहे. या मुलासाठी नव्हता, तर त्याने तरी कुठे खूण करायची? मुलाने ते कात्रण उचलले, शर्टाच्या बाहीने पुसले, पुन्हा फाइलमध्ये ठेवले आणि मला म्हणाला, "काका, मी हवे तर पुढच्या वर्षी प्रवेश घेतो." अठरा वर्षांच्या पोराने स्वतःहून मागे सरण्याची तयारी दाखवावी, हे मला आजही सहन होत नाही.

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात १९९८च्या कायद्याने पोलीस, अग्निशामक आणि बचाव पथकातले कर्मचारी कर्तव्यावर मृत्युमुखी पडले, तर त्यांच्या मुलांना तिथल्या सार्वजनिक महाविद्यालयांत शुल्काची माफी दिली आहे. तिथली महाविद्यालये महागडी आहेत, तिथली व्यवस्था वेगळी आहे, हे खरे. पण मृत्यू कसा आला याची प्रतवारी न लावण्यासाठी श्रीमंत असावे लागत नाही.

अशी कुटुंबे राज्यात दरवर्षी फार नसतात. विभागप्रमुखाने 'कर्तव्यावर असताना मृत्यू' असे प्रमाणपत्र द्यावे, महाविद्यालयाने ते पाहून मुलाला वर्गात बसवावे आणि पैशांचा हिशेब शासनाने थेट महाविद्यालयाशी करावा. उत्पन्नाची अट त्यात मुळीच नसावी. माझ्या मित्रयादीत संस्थाचालक आहेत, प्राचार्य आहेत, मंत्रालयात काम करणारेही आहेत. उन्हाळ्यात पुन्हा प्रवेश सुरू होतील. शासन निर्णय निघेपर्यंत निदान तुमच्या संस्थेत अशा मुलाकडून पहिला हप्ता घेऊ नका, आणि तसे ठरवलेत तर इथेच खाली लिहा. मी वहिनींसारख्या आणखी दोन घरांना ओळखतो, त्यांना तुमच्याकडे पाठवीन.