प्लेअर बंद पडला की तो जाताना काय सांगून गेला ते आधी वाचा

गेल्या आठवड्यात संगमनेरच्या मामांचा फोन आला. "अगं, काकड्याचा व्हिडिओ लावला की प्लेअर उघडतो, दोन सेकंद आवाज येतो आणि खिडकीच गायब. दुकानात विचारलं तर तो म्हणतो, लिनक्समुळे होतंय, फॉरमॅट मारावा लागेल. मारू का?"

मी म्हटलं, "मामा, काहीही करू नका. मी रविवारी येते."

मामांच्या त्या डेस्कटॉपवर भजनी मंडळाची सात-आठ वर्षांची रेकॉर्डिंग्ज आहेत. त्यातले दोन पखवाजवाले आज हयात नाहीत. बॅकअप आहे, पण अर्धाच. एक प्लेअर बंद पडतो म्हणून हे सगळं पुसायला निघायचं, आणि तेही मशीनला एक प्रश्न न विचारता, याचा मला मनापासून राग येतो. लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी खुली ऑपरेटिंग सिस्टिम) वापरणाऱ्या प्रत्येक घरात कधी ना कधी हा सल्ला येतोच, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

रविवारी गेले. व्हिडिओवर डबल-क्लिक केलंच नाही. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडली, प्लेअरचं नाव टाइप केलं, एक स्पेस दिली आणि फाईल माउसने ओढून टर्मिनलवर सोडली. फाईलचा पत्ता आपोआप उमटतो. मग एंटर. मामा खुर्ची ओढून शेजारी बसले होते. प्लेअर उघडला, टाळांचा आवाज आला, खिडकी गेली. पण या वेळी मागे काहीतरी उरलं होतं. सात-आठ ओळी होत्या. वरच्या ओळींत ग्राफिक्स ड्रायव्हरची (ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या प्रोग्रामची) अमुक फाईल उघडतोय, उघडली, असं लिहिलेलं, आणि सगळ्यात खाली "सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डम्प्ड".

मामा म्हणाले, "म्हणजे हे आधीपासून सांगत होतं?"

हो. रोज सांगत होतं. आयकॉनवर क्लिक केलं की हे बोलणं आपल्याला दिसत नाही, एवढंच.

सेगमेंटेशन फॉल्ट म्हणजे प्रोग्रामने मेमरीतल्या अशा पत्त्यावर हात घातला जो त्याचा नव्हताच, आणि कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, त्याला तिथल्या तिथे थांबवलं. ही एक तऱ्हा. पण आपण सगळ्यालाच "क्रॅश" म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. शेवटी नुसतं "किल्ड" आलं, तर बहुतेक वेळा रॅम संपलेली असते आणि कर्नलने जागा करायला प्रोग्राम मारलेला असतो. "इल्लीगल इन्स्ट्रक्शन" आलं, तर बहुधा तो प्रोग्राम तुमच्या प्रोसेसरला कळत नसलेल्या सूचनांसाठी बांधलेला आहे. जुन्या मशीनवर हे होतं. आणि चित्र गोठलं पण खिडकी तशीच उभी आहे, तर तो क्रॅश नव्हेच. या चारांचे उपाय चार वेगळे आहेत. प्लेअर काढून पुन्हा टाकणं हा यातल्या बहुतेकांवरचा उपाय नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

कर्नलनेही आपली नोंद ठेवलेली असते. डीमेसेज ही कमांड सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) लावून चालवली की शेवटच्या ओळींत प्लेअरचं नाव, "सेगफॉल्ट ॲट" आणि पुढे एक पत्ता दिसतो. ओळीच्या शेवटाकडे "इन" या शब्दापुढे एका लायब्ररीचं, म्हणजे प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडच्या फाईलचं, नाव असतं. ते नाव कागदावर उतरवून घ्या. मामांच्या मशीनवर तिथे प्लेअरचं नावच नव्हतं, ग्राफिक्स ड्रायव्हरच्या व्हिडिओ लायब्ररीचं होतं. अर्थात नाव आलं म्हणून तीच गुन्हेगार असं लगेच ठरवू नये. चूक दुसऱ्याने करावी आणि पडावं तिसऱ्याने, हे प्रोग्रामांतही होतं. पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

मग मी मामांना विचारलं, "सगळेच व्हिडिओ असं करतात का?" जुने नीट चालत होते. दिवाळीनंतरचेच पडत होते. आणि दिवाळीत मामांनी नवीन फोन घेतला होता! जुना फोन एच.264 मध्ये रेकॉर्ड करायचा, नवा एच.265 मध्ये करतो. या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या दोन पद्धती. पहिलं मानक 2003 चं, दुसरं 2013 चं. दुसऱ्यात तेवढ्याच दर्जाचं चित्र पुष्कळ कमी जागेत मावतं, पण ते उलगडायला मेहनत जास्त लागते.

ही मेहनत किती, त्याचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब. 1920 बाय 1080 च्या एका चित्रात 20,73,600 ठिपके असतात. नेहमीच्या 8-बिट व्हिडिओत ठिपक्यामागे सरासरी दीड बाइट धरला तर एका चित्राला 31 लाख बाइट झाले. सेकंदाला 30 चित्रं, म्हणजे उलगडल्यावर दर सेकंदाला 9 कोटींच्या वर बाइट. हे काम प्रोसेसरवर पडू नये म्हणून ग्राफिक्स चिपमध्ये त्यासाठीच वेगळा भाग असतो. त्याला हार्डवेअर डिकोडिंग म्हणतात. लिनक्सवर चिपच्या या भागाशी बोलण्याचा सगळ्यात रुळलेला मार्ग म्हणजे व्हीए-एपीआय. व्हीएइन्फो ही कमांड चालवली की तुमची चिप आणि ड्रायव्हर कोणकोणते प्रकार उलगडू शकतात, त्याची यादी मिळते.

आता मुद्दा असा, की ड्रायव्हरची ही लायब्ररी प्लेअरच्या पोटातच, त्याच प्रोसेसमध्ये उघडते. ती कोसळली की प्लेअर तिच्याबरोबर जातो. मोठे ब्राउझर हे काम वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवतात, म्हणून तिथे फक्त व्हिडिओ अडखळतो आणि ब्राउझर उभा राहतो. आपण मात्र म्हणतो, "ब्राउझरमध्ये चालतं, प्लेअरमध्ये नाही, म्हणजे प्लेअर भिकार."

तसंच व्हीएलसी आणि एमपीव्ही या दोन प्लेअरांबद्दल दुसरं वाक्य मी कायम ऐकते: "व्हीएलसीत पडतं, एमपीव्हीत चालतं, म्हणून व्हीएलसी टाकून द्या." अहो, फेब्रुवारी 2018 मध्ये व्हीएलसीची 3.0 आवृत्ती आली, तेव्हापासून त्यात हार्डवेअर डिकोडिंग मुळातच चालू असतं. एमपीव्हीत ते मुळात बंद असतं, आपण सांगितलं तरच चालू होतं. म्हणजे एक चिपच्या वाटेने गेला आणि दुसरा प्रोसेसरच्या. तुलना प्लेअरांची झालीच नाही, वाटांची झाली. खरी तुलना हवी असेल तर एमपीव्हीत व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि एच दाबा, हार्डवेअर डिकोडिंग चालू होईल. तोही पडला, तर दोष ड्रायव्हरकडे असण्याची शक्यता फार मोठी.

मामांकडे आम्ही तेच केलं. दुसराही पडला. मग प्लेअरमध्ये हार्डवेअर डिकोडिंग बंद केलं. व्हीएलसीत ते टूल्स, प्रेफरन्सेस, मग इनपुट आणि कोडेक्सच्या पानावर सापडतं. डिसेबल करायचं, सेव्ह करायचं आणि प्लेअर बंद करून पुन्हा उघडायचा. काकडा पूर्ण वाजला, चाळीस मिनिटं. प्रोसेसरचा वापर वाढला, पण एवढ्या आकाराच्या व्हिडिओला मामांची मशीन सहज पुरते. 4के, सेकंदाला 60 चित्रांचा व्हिडिओ असता तर अडखळली असती, आणि मग ड्रायव्हरची दुसरी आवृत्ती शोधावी लागली असती.

एवढ्याने भागलं नसतं तर मी प्लेअरच्या सेटिंग्जचा फोल्डर बाजूला केला असता. डिलीट नव्हे, फक्त नाव बदलायचं. होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेले फोल्डर दिसतात, त्यातल्या कॉन्फिगमध्ये तो असतो. आणि आणखी एक गोष्ट तपासा: तोच प्लेअर दोनदा तर बसवलेला नाही ना? एक नेहमीच्या पॅकेजमधून, दुसरा फ्लॅटपॅक किंवा स्नॅपमधून (ॲप आपल्या लायब्रऱ्यांसकट बसवण्याच्या दोन पद्धती). दोघांच्या लायब्रऱ्या वेगळ्या, सेटिंग्जच्या जागा वेगळ्या. तुम्ही एकाच्या सेटिंग्ज बदलत बसता आणि आयकॉन दुसऱ्यालाच उघडतो. यात लोकांच्या संध्याकाळी गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

आणि कृपा करून, कुठूनतरी उचललेल्या सुडोच्या कमांड्स न वाचता चिकटवू नका. कुठलंतरी परकं भांडार (सॉफ्टवेअर उतरवायची जागा) जोडून एफएफएमपेगची (अनेक प्लेअर व्हिडिओ उलगडायला वापरतात त्या लायब्ररीची) भलतीच आवृत्ती ओढून आणली, की आज एक प्लेअर पडतोय, उद्या चार पडतील.

मामांचं काम झालं होतं. मी उठणार, तर मामाच म्हणाले, "पण हे बिघडलंय ते तसंच राहणार ना? दुसऱ्या कुणाचं पडलं तर?"

या प्रश्नाने मला फार बरं वाटलं. कारण हे सॉफ्टवेअर बहुतांशी अशाच लोकांच्या जिवावर उभं आहे. व्हीएलसीची सुरुवात 1996 मध्ये पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाली, 2001 मध्ये तो जीपीएल या, कोड कुणालाही वापरू-बदलू देणाऱ्या, परवान्याखाली खुला झाला. आपल्यासमोर काय पडलं, हे कुणी कळवलं नाही तर त्यांना दिसणार कसं? तुमची चिप, तुमचा फोन, तुमची फाईल त्यांच्या टेबलावर नाही.

म्हणून आम्ही बसून तक्रार लिहिली. डिस्ट्रोची (लिनक्सच्या प्रकाराची) आवृत्ती, कर्नल, चिप, ड्रायव्हरची आवृत्ती, व्हीएइन्फोची यादी, डीमेसेजची ती ओळ. कोअरडम्पसीटीएल ही कमांड असेल तर कोसळतानाचा माग काढता येतो. मामांच्या मिंट या डिस्ट्रोवर त्याचं पॅकेज वेगळं बसवावं लागतं, ते बसवून प्लेअर मुद्दाम आणखी एकदा पाडला आणि माग तक्रारीत जोडला. कोअर फाईल स्वतः मात्र कुठेही चढवू नका. तिच्यात त्या क्षणीची मेमरी असते, आणि तुमचं खासगी काय काय त्यात असेल सांगता येत नाही. लॉगमध्येही फोल्डरची आणि माणसांची नावं येतात, ती खोडून टाका.

दोन दिवसांनी उत्तर आलं: ज्या फाईलने पडतं तिचा नमुना द्या. मामा अडले. मंडळींचे चेहरे, त्यांची घरं, हे परक्या ठिकाणी कसं टाकायचं? बरोबर होतं त्यांचं. मी फोनवर सांगितलं, "मामा, त्याच फोनने, त्याच सेटिंगवर, कुणीही नसलेलं काहीतरी दहा सेकंद काढा. हार्डवेअर डिकोडिंग पुन्हा चालू करा आणि टर्मिनलमधून लावून बघा, पडतं का."

अर्ध्या तासाने त्यांनी टर्मिनलचा फोटो पाठवला. शेवटची ओळ तीच, सेगमेंटेशन फॉल्ट. मामींनी नुकतंच पाणी घातलेल्या तुळशीवृंदावनाची ती दहा सेकंदांची क्लिप मामांनी काल रात्री स्वतः तक्रारीला जोडली.