तरणा, म्हातारा आणि माझी वेणी

पावसाळ्यात बेळगावात घरोघरी दोन हिशेब चालतात. राकसकोप धरण किती भरलं, आणि मोरीच्या जाळीत किती केस अडकले. पहिला हिशेब पेपरात छापून येतो. दुसरा आमच्या सासूबाई जाहीर करतात, सकाळी सातला, मोरीतूनच. "अगं, आज परत गुंतवळ निघालं बघ! टक्कल पाडून घेतेस काय?" त्यांचा आवाज मूळचा जांबोटीचा, म्हणजे धो-धो पावसातही पलीकडच्या शेतात पोचणारा. त्यामुळे माझ्या टाळूची परिस्थिती अनगोळच्या निम्म्या गल्लीला माझ्याआधी कळते.

आणि मग सल्ले सुरू होतात. शेजारच्या काकूंनी कांद्याचा रस सुचवला. तो लावून बसमध्ये बसले तर कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता मागं वळून भजी कोण खातंय ते बघितलं. जाऊबाईंनी माक्याचं तेल पाठवलं. माहेरहून जास्वंदीच्या पाल्याचा लगदा आला. भाजीवाल्या अक्कांनी मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता केसांकडं बघितलं आणि कानडीत म्हणाल्या, "एण्णी हच्चरी, अक्का." तेल लावा म्हणे. सीमाप्रश्नावर दोन्ही बाजूंचं एकमत व्हायचं तेव्हा होईल, तेलावर मात्र केव्हाच झालेलं आहे.

एक गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नव्हती. रस, तेल, लगदा, काढा, सगळे उपाय ओलेच. आणि माझ्या डोक्याला मृगापासून कोरडं असणं म्हणजे काय ते माहीतच नाही. तरण्या पावसात (पुनर्वसू नक्षत्रात) न्हायलेलं डोकं म्हाताऱ्या पावसात (पुढच्या पुष्यात) वाळतं. दांडीवर आधीच युनिफॉर्म, मोजे, टॉवेल आणि सासऱ्यांचं धोतर यांची रांग, त्यांना पंख्याखालची जागा आधी. ड्रायर लावावा तर करंट जातो. शेवटी साडेनऊला ओल्याच केसांची घट्ट वेणी घालून शाळेत पळायचं. दुपारपर्यंत त्या वेणीला दांडीवरच्या मोज्यांचा वास.

टिळकवाडीतल्या डॉक्टरीणबाईंनी ती वेणी सोडून बघितली आणि आधी तोंड फिरवलं. मग शांतपणे समजावलं. डोक्यावर लाखभर केस असतात, त्यातले रोज ५० ते १०० गळणं रीतसरच. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने काहीही न करता जागच्या जागी बसून राहतो, मग पडतो. (सरकारी नोकरीची ही व्याख्या मी मनातच ठेवली, कारण बाईंचे यजमान तिथंच आहेत असं ऐकलं होतं.) मोठा ताप, बाळंतपण, उपासमारीचं डाएट असं काही झालं की बरेच केस एकदम बसतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम उठतात. "म्हणजे आत्ता मुळापासून गळायलेत ते उन्हाळ्यातच सुटलेत. पावसाला कशाला बोल लावता?"

घरी हे सांगितलं, ती मात्र मोठी चूक. नवरा बोटं मोजत म्हणाला, "उन्हाळ्यात तू निपाणीला माहेरी होतीस की!" सासूबाईंचा चेहरा असा उजळला की चोर्ला घाटातलं धुकं फिटलं असतं.

पाऊस अगदीच निर्दोष नाही म्हणा. दमट हवेत केस पाणी पिऊन फुगतो, गुंततो आणि ओला असताना ओढला की मध्येच तुटतो. टाळूवर एक बुरशी कायम मुक्कामाला असते, ती तेलकटावर जगते, ओलीत फोफावते आणि कोंडा करते. म्हणजे सगळ्या गल्लीनं प्रेमानं सुचवलेल्या तेलावर ती बुरशी पोसली जात होती. बाईंनी टाळूवरचं तेल बंद केलं. हवंच तर न्हाण्याआधी तासभर नुसतं केसांच्या लांबीला, तेही खोबरेल. कोंड्यासाठी किटोकोनॅझोलचा शाम्पू, फेस पाच मिनिटं ठेवून धुवायचा. रुंद दातांचा कंगवा, रक्तातलं लोह तपासणं, आणि केस वाळल्याशिवाय वेणी नाही.

लोह, शाम्पू, कंगवा जमलं. वाळवण्यावरून घरात बैठक झाली. आता रविवारी पंख्याखाली पहिला मान माझा, मग धोतराचा. सासूबाईंनी स्वतःहून शेगडीवर उदाची धुरी धरली. तिनं केस वाळले की नाही सांगता येत नाही, डास मात्र गेले.

परवा केसांवर भांडी देणारी बाई आली. सासूबाईंनी मोठ्या अभिमानानं मृगापासून साठवलेली पिशवी काढली. त्यांची नजर स्टीलच्या डब्यावर होती. बाईनं हात घातला, गुंतवळ चोळून बघितलं आणि पिशवी परत केली.

"ओलं हाय की, आजी. वाळवून ठेवा, दसऱ्याला येते."