तास भरले, पण काम येतं का?

विमान देखभालीचं शिक्षण घेणारी मुलं आणि त्यांचे पालक यांच्या ग्रुपांवर एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: क्षमताधारित प्रशिक्षण, म्हणजे किती तास भरले यापेक्षा काम करता येतं का हे बघणारी पद्धत, हा एएमई (विमान देखभाल अभियंता) होण्याचा शॉर्टकट आहे. वर्षांची अट जाणार, अनुभवाला किंमत उरणार नाही, परीक्षक रकान्यांत टिकमार्क करत सुटणार आणि विमान उडण्यालायक आहे अशी सही करणारे कंपन्यांना स्वस्तात मिळणार.

वर्षांची अट जाणार, हे आधी निकालात काढू. आपलं कार-६६, म्हणजे एएमई लायसन्सची भारतीय नियमावली, युरोपच्या पार्ट-६६ या नियमावलीवर बेतलेलं आहे. तिथे बी१.१ (टर्बाइन इंजिनाच्या विमानांच्या देखभालीच्या) लायसन्ससाठी मान्यताप्राप्त कोर्स केलेल्याला २ वर्षं, संबंधित तांत्रिक ट्रेड शिकलेल्याला ३ आणि यातलं काहीच नसेल तर ५ वर्षं चालू विमानांवर काम करावं लागतं. प्रशिक्षणाची पद्धत बदलली म्हणून ही अट आपोआप उडत नाही. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या डॉक ९८६८ आणि डॉक १००९८ या दस्तऐवजांमधली क्षमताधारित प्रशिक्षणाची चौकट एवढंच विचारते, की या काळात माणसाला नेमकं काय करता यायला लागलं.

तासांची सक्ती उठली ती अमेरिकेत, आणि धसका बहुधा तिथूनच आलाय. तिथल्या पार्ट-१४७ शाळांत, म्हणजे विमान देखभाल शिकवणाऱ्या मान्यताप्राप्त शाळांत, एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) आणि पॉवरप्लांट (इंजिन) मिळून १९०० तास भरावे लागत. सप्टेंबर २०२२ मध्ये ती अट गेली. लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा मात्र तिन्ही कायम आहेत. शिवाय ऑगस्ट २०२३ पासून नवं मानक लागू आहे: प्रत्येक विषयात काय माहीत हवं, कोणता धोका ओळखता यायला हवा आणि काय हाताने करून दाखवायला हवं, हे त्यात वेगवेगळं लिहिलेलं आहे. याला शॉर्टकट म्हणणाऱ्याने ते एकदा चाळावं.

आता अनुभवाचं. मजकुरातलं हे सगळ्यात टाळ्याखाऊ वाक्य, म्हणून इथे जरा थांबतो. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० या फ्लाइटची कॅप्टनच्या बाजूची काच सुमारे १७,३०० फुटांवर निखळली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. नशिबाने सगळे वाचले. काच बसवणारा कुणी शिकाऊ नव्हता, खुद्द रात्रपाळीचा मेंटेनन्स मॅनेजर होता, वर्षानुवर्षांच्या अनुभवाचा. त्याने काढलेला जुना बोल्ट हातात घेतला आणि नजरेच्या अंदाजाने नवे जुळवले. पार्ट्स कॅटलॉग उघडला नाही. या कामाला ८डी मापाचे बोल्ट लागतात, हे स्टोअरवाल्याने सांगूनही पाहिलं होतं. ९० पैकी ८४ बोल्ट कमी व्यासाचे निघाले, उरलेले ६ आखूड. वर्षं मोजून हा माणूस कुठल्याही यादीत वर आला असता. पार्ट नंबर तो कुठून घेतो, हे बघायला शेजारी कोणी उभं नव्हतं.

क्षमता तपासणं म्हणजे नेमकं हेच बघणं. फिल्टर बदलायचं साधं काम घ्या. लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीत, ते एका ओळीत संपतं. असेसर, म्हणजे काम तपासणारा परीक्षक, बघतो ते असं: मॅन्युअलची चालू आवृत्ती उघडली का, टॉर्क रेंचच्या (ठरावीक जोराने बोल्ट आवळायच्या हत्याराच्या) कॅलिब्रेशनची तारीख पाहिली का, लॉकवायरची (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधलेल्या तारेची) ओढ बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेने आहे का, शेवटी हत्यारं मोजली का. मध्येच फोन आला तर पोरगं कुठल्या पायरीवरून पुन्हा सुरू करतं? आणि पाळी संपली, काम अर्धवट राहिलं, तर हँडओव्हरमध्ये, म्हणजे पुढच्या पाळीसाठीच्या नोंदीत, काय लिहितं? ११ सप्टेंबर १९९१ रोजी कॉन्टिनेंटल एक्सप्रेसचं २५७४ हे विमान टेक्सासमध्ये कोसळून १४ जण गेले. शेपटीच्या आडव्या भागावरचे ४७ स्क्रू काढलेले होते आणि ही गोष्ट पुढच्या पाळीला नीट कळलीच नव्हती. हे कुठल्या बहुपर्यायी प्रश्नात तपासणार? पार्ट-६६च्या पेपरात प्रश्नाला ७५ सेकंद, तीन पर्याय आणि ७५ टक्क्यांना पास. क्वेश्चन बँक घोकून मॉड्यूल (एकेका विषयाचा पेपर) काढणारे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत.

टिकमार्कचा धोका खरा आहे, तो नाकारत नाही. पण मजकूर लिहिणाऱ्याने आजची लॉगबुकं पाहिलेली दिसत नाहीत. महिनाअखेरीला एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेली पानं, आणि खाली काम न पाहिलेल्याची सही. त्या पानांना अनुभव म्हणून मिरवायचं आणि नव्या पद्धतीला तेवढं कागदी म्हणायचं, हा दुटप्पीपणा झाला.

राहिला स्वस्ताईचा मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे. प्रशिक्षणाचा काळ कमी करायला मिळाला तर कंपन्या करतील, त्यात नवल काय? पण ही पद्धत नीट राबवली तर महागच पडते. चाळीस जणांना एका वर्गात बसवून लेक्चर देता येतं, कामावर नजर मात्र एकेकावरच ठेवावी लागते, आणि ज्याला जमलं नाही त्याला पुन्हा विमानावर न्यावं लागतं. त्यामुळे भांडायचंच असेल तर असेसरवरून भांडा. तो कोण, त्याला कोणी तयार केलं, एका वेळी किती जणांना तो तपासणार, आणि 'अजून तयार नाही' असा शेरा मारल्यावर त्याच्यावर दबाव कोण आणू शकेल? विमान वेळेत बाहेर काढायची जबाबदारी ज्या मॅनेजरची आहे, त्याच्या हाताखाली हा असेसर असता कामा नये.