पुहोल्सचा करार आणि आमचा शेवटचा तास: दोन स्टारच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. तुमची तक्रार थोडक्यात अशी: अमेरिकेतल्या मराठी पालकांना बेसबॉल शिकवू म्हणून आम्ही फी घेतली आणि शेवटचा अख्खा तास अल्बर्ट पुहोल्स या नामवंत फलंदाजाच्या पगारावर घालवला. पैसे मालकाचे, कर्तृत्व खेळाडूचं, मग शिकवणाऱ्यांच्या पोटात का दुखावं? आणि धोनीबद्दल असं बोलायची यांची छाती झाली असती का? हा अभिप्राय नवे पालकही वाचणार, म्हणून उत्तर इथेच देतो.

पुहोल्सच्या मोठेपणाबद्दल तुमचं-माझं दुमत नाही. सेंट लुइस कार्डिनल्सकडून २००१ ते २०११ या अकरा मोसमांत ४४५ होमरन (थेट मैदानाबाहेर जाणारे फटके), .३२८ सरासरी (म्हणजे हजार प्रयत्नांत ३२८ यशस्वी फटके), तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू आणि २००६ व २०११ अशा दोन वर्ल्ड सीरिज, म्हणजे मोसमाची अजिंक्यपदं. हे सगळं त्या तासाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं. प्रश्न त्यानंतरचा आहे. डिसेंबर २०११ मध्ये लॉस एंजेलिस एंजल्सनी त्याच्याशी १० वर्षांचा, २४ कोटी डॉलरचा करार केला. पुढच्याच महिन्यात तो ३२ वर्षांचा होणार होता. म्हणजे त्याच्या एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंतचा पगार त्याच दिवशी कबूल झाला. बेसबॉलमध्ये असा करार पूर्ण हमीचा असतो. खेळाडू थकला म्हणून मधेच सोडला तरी पगार द्यावाच लागतो.

पगाराची मांडणी बघा. पहिल्या वर्षी १.२ कोटी, दुसऱ्या वर्षी १.६ कोटी, तिसऱ्या वर्षी एकदम २.३ कोटी, पुढे दर वर्षी दहा लाखांची वाढ आणि शेवटच्या वर्षी ३ कोटी डॉलर. फलंदाजी उतरत गेली तसा पगार चढत गेला. एंजल्सकडून त्याची सरासरी .२५६ राहिली. होमरन २२२ मारले, ते कमी नाहीत. पण होमरनच्या अधेमधे काय होत होतं तेही पाहायला हवं, आणि तेच तुम्हाला व्हिडिओवर थांबवून थांबवून दाखवत होतो.

पहिल्या बेसवर एक धावपटू उभा आहे. पुहोल्सचा फटका जोरदार, पण जमिनीलगत शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे जातो. शॉर्टस्टॉप चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर देतो: तिकडे धावणारा तो धावपटू बाद. तिथून चेंडू पहिल्या बेसवर: पुहोल्सही बाद. फलंदाज उभा असतो त्या होम प्लेटपासून पहिला बेस ९० फुटांवर. पायात वेग असलेला फलंदाज त्या दुसऱ्या फेकीच्या आधी पोचू शकतो. पुहोल्सच्या तळपायाचं दुखणं जुनं होतं, २०१३चा मोसम तर त्या दुखण्यामुळेच अर्धवट राहिला. चेंडू पहिल्या बेसवर पोचायचा तेव्हा तो अजून वाटेतच असायचा. अशा जमिनीलगतच्या एका फटक्यात दोन बाद होण्याचा मेजर लीगचा (अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल लीगचा) विक्रम आज त्याच्याच नावावर आहे. दीर्घ कारकीर्द हेही त्याचं एक कारण, हे मान्य. पण पाय जड झाले म्हणजे संघाला काय मोजावं लागतं, हे पालकांना आकड्यांपेक्षा त्या चित्रफितीतून लवकर कळतं.

‘हा पैसा म्हणजे आधीच्या कर्तृत्वाची पावती’ हा तुमचा मुद्दा वजनदार आहे, आणि त्यासाठीच तर हा तास ठेवलाय. मेजर लीगमध्ये खेळाडूला खुल्या बाजारात उतरायला, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करायला, साधारण सहा वर्षांची सेवा लागते. पहिली दोन-तीन वर्षं किमान वेतनाच्या आसपासच जातात. २००१ मध्ये पुहोल्सला मिळाले २ लाख डॉलर. २००४ मध्ये कार्डिनल्सनी त्याला सात वर्षांसाठी १० कोटींवर बांधलं, आणि तिन्ही सर्वोत्तम खेळाडूचे किताब त्याच कराराच्या काळातले. म्हणजे उमेदीच्या वर्षांत त्याला त्याच्या मोलापेक्षा कमी मिळालं, हे शंभर टक्के खरं. पण जेवले एक आणि बिल आलं दुसऱ्याकडे! पावती द्यायचीच तर ती सेंट लुइसनी द्यायची. नियमांतला हा अन्याय दूर करायचा तर तरुण खेळाडूंचे पगार वाढवायला हवेत. चाळिशीतल्या वर्षांची हमी देऊन तो दूर होत नाही.

सेंट लुइसचं पुढे काय झालं? पुहोल्स गेल्याची भरपाई म्हणून एंजल्सच्या वाट्याची ड्राफ्टमधली (नवोदित खेळाडू निवडायच्या प्रक्रियेतली) १९वी निवड त्यांना मिळाली. त्यातून त्यांनी मायकल वाका हा तरुण पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) घेतला. २०१३ मध्ये नॅशनल लीगच्या (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाच्या) अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू वाकाच ठरला आणि कार्डिनल्स वर्ल्ड सीरिजला पोचले. एंजल्सकडे माइक ट्राउट होता, त्या दशकातला माझ्या मते सर्वांत मोठा खेळाडू. तरी या दहा वर्षांत ते प्लेऑफला (मोसमानंतरच्या अजिंक्यपदाच्या फेऱ्यांना) एकदाच गेले, २०१४ मध्ये, आणि कॅन्सस सिटीकडून सलग तीन सामने हरून घरी आले. सगळं खापर एका करारावर फोडणं बरोबर नाही, त्यांची पिचिंगही बेताची होती. पण लक्झरी टॅक्सच्या, म्हणजे पगारांवर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त खर्च करणाऱ्या संघाला भराव्या लागणाऱ्या कराच्या, हिशेबात कराराची सरासरी धरतात. म्हणजे दर वर्षी २.४ कोटी त्या एका नावापुढे लिहिलेले, आणि चांगले पिचर घ्यायला तेवढा हात आखडता.

मालकाला तोटा झाला असं मी वर्गातही म्हटलं नव्हतं. त्याच सुमाराला एंजल्सचा मोठा प्रसारण करार झाला, मालकाचा हिशेब कदाचित जुळलाही असेल. मात्र पुहोल्समुळे स्टेडियम भरलं म्हणाल तर ते आधीपासूनच भरत होतं. २००३ पासून दर मोसमाला तीस लाखांवर प्रेक्षक येत होते. मी प्रेक्षकाच्या बाजूने बोलतो. त्याला संघ जिंकलेला हवा असतो.

आता धोनी. चेन्नईने त्याला २०२२ साठी १२ कोटी रुपयांत राखलं होतं, २०२५ साठी ४ कोटींत. वय वाढलं, भूमिका लहान झाली, रक्कमही उतरली आणि मान तसूभर कमी झाला नाही. मला पुहोल्ससाठी नेमकं हेच हवं होतं.

आणि तसं झालंही. मे २०२१ मध्ये एंजल्सनी त्याला मोसम सुरू होऊन महिनाभरातच मोकळं केलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षी कार्डिनल्सनी त्याला परत घेतलं, एका वर्षासाठी, २५ लाख डॉलरवर. प्रामुख्याने डावखुऱ्या पिचरसमोर त्याला उतरवलं. बेचाळिसाव्या वर्षी त्याने २४ होमरन मारले आणि ७०३ वर कारकीर्द संपवली. बत्तिशीतला खेळाडू घेऊच नये असं मी म्हणत नाही. फ्रेडी फ्रीमनलाही डॉजर्सनी त्याच वयात घेतलं, पण सहा वर्षांसाठी. २०२४च्या वर्ल्ड सीरिजचा सर्वोत्तम खेळाडू तोच. माझा आक्षेप वर्षांच्या संख्येला आहे, रकमेला त्यामानाने कमी.

हा तास पुढच्या तुकडीतही राहील. मुलं संध्याकाळी मॅच बघताना ‘याला एवढे पैसे का?’ विचारतात आणि आईबाबांना उत्तर देता येत नाही, म्हणूनच तो सुरू केला. स्कोअरकार्ड लिहायला अजून वेळ हवा होता, ही तुमची सूचना चांगली आहे. त्यासाठी आता वेगळा तास ठेवतोय. तुम्ही त्याला जरूर या, त्याची फी तुमच्याकडून घेणार नाही. आणि करारावर वाद घालायचा असेल तर तो मराठीत, सगळ्यांसमोर घालू. तुमच्या बाजूने असाच लांबलचक करार मिळालेल्या मिगेल काबरेराचं किंवा मॅक्स शर्झरचं उदाहरण आणलंत तर मला आनंदच होईल. शर्झरच्या बाबतीत तर मी बहुधा तुमच्याच बाजूला असेन.